शाळेसाठीं दूरची वर्गणी

(नभोवाणीवरील भाषण)

पावसाळा लागला कीं आमच्या नृसिंहवाडीस जो तो एकच प्रश्न विचारतो : पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें ? कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर गांव वसलेलें आहे. तेव्हां नदी घाट चढूं लागली कीं आम्हीहि घरांतील सामान माळ्यावर चढवूं लागतों. २०१९ च्या ऑगस्टांत माळेहि पुरले नाहींत. शिरोळ तालुक्यांतील गांवेंच्या गांवें पाण्यांत गेलीं, आणि पूर ओसरल्यावर शाळा उघडून पाहतों तों बांकें, कपाटें, पुस्तकें आणि चिखल यांचा एकच काला झालेला. मी त्या सुमारास नुकताच नोकरींतून निवृत्त झालों होतों. आमच्या परिसरांतील एका शाळेच्या पालकांनीं मोबाइलवरून वर्गणी मागावयाचें ठरविलें, आणि "मास्तर, मजकूर तेवढा तुम्ही लिहून द्या," म्हणून मला बोलावणें आलें. त्या वर्गणींत आम्हांला काय साधलें आणि आम्ही कोठें चुकलों, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. कारण आतां पूर असो वा नसो, असलें एखादें आवाहन शहरांतील सुशिक्षित घरांत मधून मधून येतच असतें. आणि मुलें शाळेंत असलीं म्हणजे तें पाठविण्याची पाळीहि केव्हां तरी आपणांवर येते.

या प्रकारास इंग्रजींत क्राउडफंडिंग म्हणतात. नांव नवें, पण वस्तु जुनी. पुष्कळांकडून थोडें थोडें घेऊन एक मोठें काम उभें करणें, एवढाच त्याचा अर्थ. १८८५ सालीं न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यास चौथऱ्यापुरते पैसे मिळेनात, तेव्हां जोसेफ पुलित्झर यानें आपल्या वर्तमानपत्रांतून लोकांस हांक दिली. सुमारें पांच महिन्यांत एक लाख वीस हजारांहून अधिक लोकांनीं मिळून एक लाख डॉलरांवर रक्कम दिली. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनहि कमी होती. त्यानें युक्ति अशी केली कीं, देणगी केवढीहि लहान असो, देणाऱ्याचें नांव छापावयाचें. ही युक्ति ध्यानांत असूं द्या. तिच्याकडे मला पुन्हां वळावयाचें आहे.

आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें आणि त्यांतूनच १९०८ सालीं तळेगांवचा कांच कारखाना निघाला. शाळेच्या बाबतींत तर दाखला आमच्या जिल्ह्याच्या सुपुत्राचाच आहे. कुंभोज येथें जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि घरोघर मूठ मूठ धान्य बाजूस ठेववून त्या 'मुष्टिफंडा'वर गरिबांच्या मुलांचीं वसतिगृहें चालविलीं. आमच्या भागांत आजहि गांवानें शाळेस केलेल्या मदतीस 'शैक्षणिक उठाव' म्हणतात.

मग नवें तें काय ? मुष्टिफंडाची मूठ देणारी बाई घेणाऱ्यास पाहत होती. धान्य शिजलें कीं नाहीं, मुलें जेवलीं कीं नाहीं, हें तिला विचारावयास लांब जावें लागत नसे. मोबाइलवरच्या वर्गणींत देणारा पुण्यास किंवा दुबईस, शाळा कृष्णाकांठीं, आणि दोघांची जन्मांत गांठ पडावयाची नाहीं. मागणें अत्यंत सोपें झालें. परंतु पूर्वीं ओळखीच्या जोरावर जो विश्वास सहज मिळत असे, तो आतां प्रयत्नानें मिळवावा लागतो. या साऱ्या विषयाचें मर्म मला यांतच दिसतें.

मागण्याच्या रीति दोन आहेत. पहिली घरगुती. बँकखात्याचा क्यूआर कोड, म्हणजे ती ठिपक्यांची चौकोनी खूण, व्हॉट्सॲपवर फिरवावयाची आणि देणाऱ्यानें यूपीआयनें परस्पर पैसे धाडावयाचे. ही यूपीआयची सोय २०१६ पासून झाली. दुसरी रीत संकेतस्थळाची. आपल्या देशांत 'मिलाप' २०१० सालीं व 'केट्टो' २०१२ सालीं निघालें. अशा स्थळावर आपल्या कामाचें एक पान उघडावयाचें. त्यांत हकीकत, छायाचित्रें, किती पैसे हवेत व कोणत्या तारखेपर्यंत हवेत, हें लिहावयाचें. जमलेला आंकडा सर्वांस उघड दिसतो. अमेरिकेंतील 'किकस्टार्टर'वर ठरविलेली रक्कम पुरी जमली नाहीं तर कोणाकडूनहि कांहींच घेतलें जात नाहीं. आपल्याकडील लोकोपयोगी कामांच्या स्थळांवर सामान्यतः जमेल तेवढें पदरांत पडतें. म्हणून निम्मेच पैसे जमले तर त्यांचें काय करूं, हें आवाहनांत आधींच सांगून टाकावें.

या दुसऱ्या रीतीस खर्च असतो, आणि गणित करून पाहिल्यावांचून तो दिसत नाहीं. समजा, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रास ८०,००० रुपये हवेत आणि स्थळाचें शुल्क शेंकडा ५ आहे. शुल्क झालें ४,००० रुपये. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर ७२० रुपये. हातीं येतील ७५,२८०, आणि यंत्र दुकानांतच राहील. ८५,००० मागितले तर कपात ५,०१५ रुपयांची, आणि हातीं ७९,९८५; तरी पंधरा रुपये कमीच ! कांहीं स्थळें शुल्क घेत नाहींत. मात्र देणाऱ्यापुढें आपल्यासाठीं एक ज्यादा रक्कम आधींच मांडून ठेवतात. ती कमी करतां येते किंवा पुसतांहि येते, पण घाईंत पुष्कळांच्या तें लक्षांत येत नाहीं.

यानंतरचा प्रश्न सर्वांत नाजूक : पैसे कोणाच्या खात्यांत जमा व्हावयाचे ? आमची पहिली चूक येथेंच झाली. शाळेच्या समितीच्या खात्यास यूपीआयची सोय नव्हती. म्हणून एका तरुण पालकानें आपलें स्वतःचें खातें पुढें केलें. दहा दिवसांत लाखावर रक्कम आली. पुढें बांकांची खरेदी लांबली, आणि कट्ट्यावर कुजबूज सुरू झाली. त्या गृहस्थानें एक पैहि खाल्ली नव्हती. परंतु तें दाखवून देण्यास त्याला दीड महिना लागला. शेवटीं तो पावत्यांनीं भरलेली पिशवी घेऊन सभेस आला, ती टेबलावर उपडी केली आणि म्हणाला, "मोजा." आम्हीं मोजल्या. हिशेब रुपयास रुपया जुळला. पण त्या दिवसापासून तो शाळेच्या कोणत्याहि कामास पुढें आला नाहीं. वर्गणी जमली आणि एक चांगला माणूस गमावला.

म्हणून सांगतों, पालकांचा समूह म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें कोणी व्यक्ति नव्हे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या २१ व्या कलमानें सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिति नेमावी लागते. तिच्यांत चारांपैकीं तीन सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. शाळेस मिळालेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणें हें तिचें कामच आहे. तेव्हां वर्गणी समितीच्या खात्यांत घ्यावी व पैसे दोन सह्यांनींच बाहेर काढावे. जेथें अशी समिति नाहीं आणि नोंदणी झालेली विश्वस्त संस्थाहि मागें नाहीं, तेथें महाराष्ट्रांत लोकांकडून पैसे गोळा करण्यापूर्वीं धर्मादाय कार्यालयाकडून ४१-क कलमाची परवानगी काढावी. गणेशोत्सव मंडळें हीच परवानगी काढतात.

दुबईच्या किंवा अमेरिकेच्या देणगीविषयींहि एक गोष्ट आधीं जाणून घ्यावी. परकीय देणग्यांचा कायदा २०१० चा आहे. भारताचें नागरिकत्व राखून परदेशीं राहणाऱ्यानें आपल्या मिळकतींतून बँकेमार्फत पाठविलेला पैसा परकीय मानला जात नाहीं. परंतु ज्यानें तेथील नागरिकत्व पत्करलें, तो आपल्याच वर्गांत शिकून गेलेला असला तरी त्याची देणगी परकीय ठरते, आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगी यांवांचून ती घेतां येत नाहीं. तसेंच, '८०-जी' म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची सूट मान्यता असलेल्या संस्थेच्या देणगीसच मिळते, दोन हजारांवरील रोख देणगीस मिळत नाहीं, आणि नव्या करपद्धतीनें कर भरणारास तर तिचा लाभच नाहीं. ती मिळेल असें वचन आवाहनांत उगाच देऊं नये.

पैशापेक्षां वस्तु मागणें पुष्कळ वेळां अधिक चांगलें. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील चार्ल्स बेस्ट या इतिहासाच्या शिक्षकानें २००० सालीं 'डोनर्सचूज' नांवाचें स्थळ काढलें. तेथें शिक्षक आपल्या वर्गाची गरज लिहितो व लोक पैसे देतात. परंतु ते शिक्षकाच्या हातीं पडत नाहींत. संस्था ती वस्तु विकत घेऊन शाळेंत पोंचविते. आपल्या केंद्र सरकारच्या 'विद्यांजली' या स्थळावरहि, सप्टेंबर २०२१ पासून, सरकारी व अनुदानित शाळेस आपली गरज मांडतां येते व देणाऱ्यास ती वस्तु किंवा आपला वेळ देतां येतो. आम्हीं पैशाऐवजीं वस्तु मागितल्या असत्या, तर आमच्या त्या पालकाला पिशवी उपडी करावी लागली नसती.

आतां आमची दुसरी चूक सांगतों. ती माझ्या एकट्याची होती. देणाऱ्यांस उत्साह यावा म्हणून मीं रोज रात्रीं एक यादी तयार करून पालकांच्या समूहावर पाठवीत असें : नांव, पुढें रक्कम, मोठा आंकडा वर. एका मुलाची आई पेढ्याच्या दुकानांत कामास जात असे. पूर ओसरल्यावर चार दिवस ती खराटा घेऊन शाळेचा चिखल काढीत होती. ती पालकसभेस येईनाशी झाली, तेव्हां मीं मुलास विचारलें. तो म्हणाला, "आई म्हणती, यादीत आपलं नाव न्हाई, मग कशाला जायाचं."

पुलित्झरनें नांवें छापलीं आणि मोलकरणींसहि मान मिळाला. मग माझ्या यादीनें तिचा अपमान कां झाला ? मला उत्तर उशिरां सुचलें. मोठ्या शहराच्या पत्रांत छापलेली यादी दिलें कोणीं, तें सांगते. पन्नास घरांच्या समूहांतील यादी दिलें नाहीं कोणीं, तें सांगते. दूरच्या देणाऱ्यांचीं नांवें खुशाल लिहावीं. पालकांच्या रकमा मात्र एकमेकांस दाखवूं नयेत. मीं यादी नव्यानें लिहिली : रकमा काढून टाकल्या, नांवें अक्षरक्रमानें लावलीं, आणि ज्यांनीं चिखल काढला त्यांचीं नांवें त्याच यादींत घातलीं. ती बाई पुढच्या सभेस आली. कांहीं बोलली नाहीं. मागच्या बांकावर बसली. मुलांच्या बाबतींतहि हाच विवेक हवा. फाटक्या सदऱ्यांतील मुलाचें छायाचित्र पैसे लवकर आणतें, हें खरें. पण तें छायाचित्र तो मोठा होईपर्यंत फिरत राहतें. भिजलेल्या कपाटाचें छायाचित्रहि पुरे होतें.

वर्गणीला एक मर्यादाहि आहे. १९१७ सालीं राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तेव्हां त्याचा भार गरिबाच्या मुठीवर टाकला नाहीं, दरबारच्या खजिन्यावर टाकला. शिक्षकांचा पगार, शाळेचें छप्पर, पिण्याचें पाणी हें राज्याचें देणें आहे. तें वर्गणींतून भागवूं लागलों, तर ज्या गांवचीं मुलें परदेशीं गेलीं तेथील शाळा नीट चालतील, आणि ज्यांचें शहरांतहि कोणी नाहीं त्यांच्या गळत राहतील. संकटांत वर्गणी घ्यावी. परंतु सरकारकडे अर्ज करण्याचें सोडूं नये.

शहरांतील श्रोत्यांनीं असें आवाहन आलें असतां तीन प्रश्न विचारावे. खातें कोणाच्या नांवावर आहे ? पैसे उरले किंवा कमी पडले तर काय करणार ? हिशेब कोणत्या तारखेस कळेल ? विचारण्यांत कसलाहि अविश्वास नाहीं. प्रामाणिक माणसास त्यांतून आधारच मिळतो. आणि पैसे स्वीकारण्यास यूपीआयचा पिन कधींहि लागत नाहीं, हें देणाऱ्याइतकेंच घेणाऱ्यानेंहि लक्षांत ठेवावें. "देणगी पाठवितों, पिन टाका," म्हणणारा भामटा समजावा.

आमच्या घाटावर पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें यावरून कधीं भांडण होत नाहीं, कारण पायऱ्या सर्वांपुढें उघड्या असतात. ज्यानें त्यानें येऊन मोजाव्या. शाळेच्या वर्गणीचा हिशेब असाच शाळेच्या भिंतीवर लागलेला असावा, आणि त्याचें छायाचित्र त्या दूरच्या देणाऱ्याकडे, त्यानें विचारण्यापूर्वींच, पोंचलेलें असावें.