कळ दाबल्यावर पहिला हुकूम कोणाचा?

संगणकाची कळ दाबली की पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते आणि आपण निमूटपणे वाट पाहतो. त्या चार-दोन क्षणांत यंत्रावर राज्य कोणाचे असते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. विंडोज वा लिनक्स अजून जागे व्हायचे असतात. राज्य असते मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेल्या फर्मवेअरचे. तेच मेमरी कामाला लावते, डिस्क शोधते आणि मग कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती सोपवते.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे काम आटोपशीर बायोस करीत असे. त्याची जागा घेणाऱ्या यूईएफआयचे मानक २००५ पासून कंपन्यांचा एक मंच सांभाळतो. सोयी वाढल्या, पण पसाराही वाढला. नेटवर्कशी बोलणे, चित्रे उलगडणे असे सारे त्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ नावाने जे दोष उघडकीस आले, ते नेमके बोधचिन्हाचे चित्र वाचणाऱ्या भागातले होते. मुद्दाम बिघडवलेले चित्र तेथे ठेवता आले, तर विंडोज उठण्याआधीच घरात चोर!

अशा दोषांचे एक मोठे कारण सी या भाषेत आहे. मेमरीतील नेमून दिलेली हद्द ओलांडून लिहिले, तरी ती अडवत नाही. रस्ट ही भाषा (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) कोणत्या जागेचा मालक कोण आणि ती उसनी कोणी घेतली, याचा हिशेब प्रोग्राम तयार होतानाच मागते. हद्दीबाहेरचा हात चालू प्रोग्राममध्येही रोखते.

फर्मवेअर खुले करण्याची धडपड मात्र जुनी आहे. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये ‘लिनक्सबायोस’ सुरू केले. २००८ मध्ये ते ‘कोअरबूट’ झाले. त्याच्या इंग्रजी नावातले ‘सी’ हे आद्याक्षर गाळून ‘ओअरबूट’ जन्मले. सी भाषेलाच रजा देऊन रस्टमध्ये लिहिलेले हे हलके फर्मवेअर. त्याचे धोरण साधे आहे: हार्डवेअर जागे करावे, कारभार सोपवावा आणि बाजूला व्हावे.

अर्थात रस्ट म्हणजे जादूची कांडी नव्हे. हार्डवेअरशी थेट बोलताना तिलाही ‘असुरक्षित’ असा शिक्का मारलेल्या ओळी लिहाव्या लागतात. फायदा एवढाच की तपासायचे कोठे, ते कळते. खरी अडचण वेगळीच आहे. अनेक प्रोसेसरांमध्ये मेमरी सुरू करण्याची कृती कंपन्या बंद पेटीतच देतात. ओअरबूटला अशी पेटी नको असल्याने त्याला चालणारी यंत्रे मोजकीच आहेत, आणि त्यांत भर आहे रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या बोर्डांवर.

म्हणजे प्रश्न केवळ भाषेचा नाही, मालकीचाही आहे. पैसे मोजून यंत्र आपण घरी आणतो, त्यावर बँकेचे व्यवहार करतो, खासगी पत्रे ठेवतो. त्यातला पहिला हुकूम मात्र आपल्याला वाचताही येत नाही. प्रत्येकाने तो वाचावा असे नाही. पण ज्याला समज आहे, त्याला तो वाचून तपासता यावा, एवढी मागणी ग्राहकाने करायला काय हरकत आहे?