शिवार तेच, पीक वेगळे

एखाद्या जिल्ह्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी किती जमीन नांगराखाली होती, हे आज कसे सांगायचे? हवामानाच्या अभ्यासकांना हे उत्तर हवे असते. जंगल तोडून शेत केले, की झाडांतला आणि मातीतला कार्बन हवेत जातो, पाणी मुरण्याची रीतही बदलते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न आरोग्याचाही आहे. शेतात काय उभे आहे त्यावर ताटात काय येते आणि फवारणीच्या दिवसांत श्वासावाटे शरीरात काय जाते, हे बरेचसे ठरते.

देशपातळीवर हे काम झाले आहे. हानचिन तियान, विनय दढवाल आदी संशोधकांनी २०१४ मध्ये भारताच्या १८८० ते २०१० या काळातील भूवापराचा नकाशा मांडला. उपग्रहावरून दिसणारे आजचे चित्र पायाला धरायचे आणि जुन्या सरकारी नोंदींतील आकड्यांच्या आधारे मागे मागे जायचे, अशी ही पद्धत. त्यांच्या हिशेबानुसार या १३० वर्षांत देशातील शेतजमीन ९.२ कोटी हेक्टरांवरून सुमारे १४ कोटी हेक्टरांवर गेली, तर जंगल ८.९ कोटींवरून ६.३ कोटी हेक्टरांवर आले.

यवतमाळची कहाणी त्याही आधी सुरू होते. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ दरम्यान अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर स्थिरावली. कुरणे, पडीक रान आणि जंगलाच्या कडा नांगराखाली येत गेल्या. पुढे कापूस वाहून नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रुळांची रेल्वे आली. तीच आपली ‘शकुंतला’. १८९९-१९०० च्या दुष्काळाने याच कापूसपट्ट्याला होरपळून काढले. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात कापसाचा विस्तार आणि अन्नाची असुरक्षितता यांचा संबंध तपासला आहे.

जुने आकडे वाचताना मात्र एक खाचखळगा सांभाळावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील कागदांत हा जिल्हा ‘वणी’ नावाने भेटतो. १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले आणि पुसद तालुका त्याला जोडला गेला. ही सीमा लक्षात न घेता दोन आकडे शेजारी ठेवले, तर न झालेली वाढ झालेली दिसते.

१९७२ पासून आकाशातला साक्षीदार मिळाला. अमेरिकेच्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका साधारण ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराहून मोठा. छोटे शेत त्यात हरवून जाई. १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए आला. २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरचा ठिपका देतो, म्हणजे एका एकरात सुमारे चाळीस ठिपके बसतात. खरिपात ढग आडवे येतात, तेव्हा ढगांपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांची मदत घेतली जाते. पिके ओळखली जातात ती हिरवेपणाच्या चढउतारावरून. सोयाबीन साधारण ऑक्टोबरपर्यंत निघते, कपाशी मात्र हिवाळ्यातही शेतात उभी असते.

इथेच यवतमाळचा खरा बदल दिसतो. नुसते ‘शेत’ आणि ‘जंगल’ असे दोन रंग भरले, तर गेल्या काही दशकांत फार काही घडले नाही असे वाटेल. पीकवार रंग भरले, की ज्वारी आक्रसत गेलेली आणि सोयाबीन पसरलेले दिसते. ज्वारी घरात भाकरी देई आणि गोठ्यात कडबा. सोयाबीन आणि कापूस दोन्ही बाजारात जातात. घरचे धान्य कमी झाले आणि रेशनच्या गहू-तांदळावरची भिस्त वाढली. ज्वारीसोबत मिळणारा तंतू आणि लोहही ताटातून कमी झाले.

दुसरा धडा २०१७ चा. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरदरम्यान जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याच्या उंचीपर्यंत वाढलेल्या कपाशीत शिरून फवारताना औषधाचा फवारा अंगावर, तोंडावर येतो. कोणत्या गावात किती कपाशी आहे आणि ती केव्हा पेरली, हे हंगामातच कळले तर फवारणीचा जोर कधी वाढेल याचा अंदाज बांधता येतो. संरक्षक साधने आणि उतारा देणारी औषधे कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी पोहोचवायची, हेही ठरवता येते.

यासाठी उपग्रह एकटा पुरत नाही. त्याने ‘कपाशी’ म्हटले तिथे खरोखर कपाशीच आहे का, हे जमिनीवर जाऊन पाहावे लागते. कपाशीच्या तासांमध्ये घेतलेली तूर वरून वेगळी ओळखणे अवघड असते. २०२१ पासून राज्यात शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करून सातबाऱ्यावर पीक नोंदवतो. अनेकांसाठी ती विमा आणि अनुदानापुरती औपचारिकता असते. पण आज बांधावर उभे राहून नोंदवलेले पीक हाच उद्याच्या नकाशाचा पुरावा असतो. घरी बसून, गेल्या वर्षीचेच पीक पुन्हा टाकले, तर चूक एका सातबाऱ्यापुरती राहत नाही. त्या नोंदीवर विसंबलेला गावचा नकाशाही चुकतो आणि औषधांचा साठा भलत्याच केंद्रात जाऊन पडतो.