डिस्क गोठली? आधी खाली पाणी आहे का बघा

परळीच्या मोंढ्यातल्या एका दुकानाचं हिशेबाचं विंडोज लिनक्सच्या संगणकावर, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. ऐन बिलांच्या गर्दीत ते गोठायचं. माऊस हलायचा, फाइल मात्र उघडायची नाही. मिनिटभरानं पुन्हा सगळं सुरळीत.

दुरुस्तीला आलेल्या हौशी पोरानं विंडोज नव्यानं टाकायचा मोह टाळला (हा मोह भल्याभल्यांना होतो) आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडला. 129 क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागलेली.

129 म्हणजे काय? विंडोजनं डिस्कला काम सांगितलं, ठरलेल्या वेळेत, सहसा 60 सेकंदांत, उत्तर आलं नाही, म्हणून ड्रायव्हरनं डिस्क रीसेट केली. आत लिनक्स असतं तर काम 120 सेकंदांहून जास्त अडकल्याचा इशारा दिसला असता.

संशय लगेच ड्रायव्हरवर जातो. व्हर्च्युअल डिस्क चालवणारा व्हर्टआयओ ड्रायव्हर जुना असेल तर बदलावाच. पण परळीकरांना वेगळं सांगायला नको: 2015 साली इथलं औष्णिक वीज केंद्र थांबलं ते यंत्रं बिघडून नव्हे, पाणी आटलं म्हणून. तसंच इथेही: व्हर्च्युअल डिस्क ही बहुधा खऱ्या डिस्कवरची एक फाइलच असते, खालची अडली की वरचीही अडते.

म्हणून गोठण्याच्या क्षणी खालच्या लिनक्सवर, डिस्क किती वेळ घेते ते दाखवणारं आयओस्टॅट चालवावं. इथे एकेका कामाला काही सेकंद लागत होते, त्याच वेळी बॅकअपही चालू. डिस्कच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ तपासणीत खराब सेक्टर निघाले. वेळमर्यादा वाढवणं हे नुसतं ठिगळ झालं असतं. डिस्क बदलली, बॅकअप रात्रीवर नेला.

तुमचंही मशीन असंच अडकतंय? नोंदीचा क्रमांक आणि नेमकी वेळ लिहून विचारा. नुसत्या ‘हँग होतंय’वरून निदान होत नाही.