स्टॉपलॉस लावला असता तर…

जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला, तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीच्या माणसाला डीमॅट खातं काढायचं म्हणजे सेलूवरून वर्धा गाठायचं. ज्यांनी तेवढी खटपट केली, त्यांचा ४३० रुपयांचा शेअर ११ फेब्रुवारीला, पहिल्याच दिवशी, ३७२ वर बंद झाला. ‘स्टॉपलॉस लावला असता तर’ हे वाक्य इकडे तेव्हापासून ऐकू येतं. लावणार कसा, हे मात्र कुणी विचारत नसे. भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची ती ऑर्डर सहसा त्या दिवसापुरती. दुपारी साडेतीनला बाजार मिटला की संपली. म्हणजे रोज सकाळी ब्रोकरला फोन, तोही भारनियमनातून मोबाइलची बॅटरी वाचली तर.

त्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास आला. वेळीच बाहेर पडलेले वाचले, हे कबूलच करायला हवं. पण १८ मे २००९ ला, निवडणुकीच्या निकालानंतर, बाजार एका दिवसात १७ टक्के चढून वरच्या सर्किटला अडकला. बाहेर बसलेल्यांना आत शिरायला फटच उरली नाही. ट्रेडर विकतो आणि लगेच परत घेतो, कारण तो त्याचा रोजचा धंदा. वीस वर्षांसाठी शेअर घेतलेला माणूस एकदा विकून मोकळा झाला की ‘अजून पडू दे’ म्हणत बसतो.

स्टॉपलॉस लावला म्हणजे भाव पक्का, हा गैरसमज सत्यमने मोडायला हवा होता. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं आणि आदल्या दिवशी १७९ ला बंद झालेला शेअर ४० रुपयांच्या खाली जाऊन थांबला. समजा, १६० चा ट्रिगर आणि १५८ ची लिमिट लावली होती. भाव १५८ ओलांडून खाली धावला की ऑर्डर तशीच लटकून राहते. लिमिटच नसेल तर शेअर विकला जातो, पण समोर जो कुणी जेवढ्याला घेईल तेवढ्याला. ५ ऑक्टोबर २०१२ ला तर बातमीसुद्धा लागली नाही. एका ब्रोकरकडून चुकून गेलेल्या ऑर्डरींनी निफ्टी क्षणात सुमारे ९०० अंक कोसळला आणि थोड्या वेळात सावरला. विना-लिमिट स्टॉपलॉस ऑर्डर बीएसईने ९ ऑक्टोबर २०२३ पासून बंदच केल्या.

माझ्या लेखी सगळ्यात बोलका दिवस १३ मार्च २०२०, शुक्रवार. आदल्या दिवशी निफ्टी ९,५९० ला बंद झालेला. सकाळी उघडताच काही मिनिटांत दहा टक्के खाली, खालचं सर्किट, ४५ मिनिटं व्यवहार बंद. पुन्हा सुरू झाल्यावर ८,५५५ चा तळ. आणि बाजार मिटताना? ९,९५५, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा वर. आदल्या दिवशीच्या भावाखाली दहा टक्क्यांवर स्टॉपलॉस लावणाऱ्याने त्या सकाळी जवळपास तळाशी विकलं असणार. २३ मार्चला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला, तेव्हा त्याला स्वस्तात परत घेता आलं असतं, हे खरं. पण त्या आठवड्यात घ्यायची छाती किती जणांची होती? नोव्हेंबरात सेन्सेक्स नव्या उच्चांकावर होता.

मग येस बँकेचं काय? ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास असलेला हा शेअर ‘स्वस्त झाला, अजून घ्या’ म्हणत लोक थेट तळापर्यंत घेत राहिले. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, आणि पुढे शंभराहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. तिथे कुठलाही वेडावाकडा स्टॉपलॉस चालला असता. मात्र बाहेर पडायचं कारण भाव पुरता कोसळण्याच्या आधीच छापून आलं होतं: रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांना पूर्ण मुदतवाढ नाकारली, सप्टेंबर २०१८. गावच्या वाचनालयातल्या पेपरातही ते होतं. म्हणून मला वाटतं, शेअर घेतानाच वहीत दोन ओळी लिहाव्यात: का घेतला, आणि काय झालं तर विकायचा. शिवाय एका शेअरमध्ये इतकेच पैसे टाकावेत की तो शून्य झाला तरी घर हलू नये.

इकडे हट्टाचा धडा शेअरबाजाराबरोबर कापसानेही दिला. २०२२ मध्ये क्विंटलला १२ हजारांच्या पुढे गेलेला भाव परत येईल म्हणून पुढच्या हंगामात विदर्भभर घराघरांत गंजी लागल्या, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात त्या सात हजारांच्या आसपास विकाव्या लागल्या. पण कापूस घरात ठेवला की वजन घटतं, रंग उतरतो. चांगल्या कंपनीचं तसं नसतं.

आता मोबाइलवर जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड) ऑर्डर आहे. एकदा लावली की सहसा वर्षभर राहते. तिच्यातही खाचाखोचा आहेत. उदाहरण जवळचंच. जमनालाल बजाज वर्ध्याचे, त्यामुळे बजाज नाव असलेला शेअर इकडे आपला वाटतो. जून २०२५ मध्ये बजाज फायनान्सच्या एका शेअरचे विभाजन आणि बोनस मिळून दहा झाले. भाव ९,३०० च्या वरून एकदम हजाराच्या आत दिसला आणि काही जणांना धडकी भरली. तोटा एका पैशाचा नव्हता. अशा वेळी काही ब्रोकर जुनी जीटीटी रद्द करतात. ती नव्या भावाने पुन्हा लावायची, हे गुंतवणूकदाराने लक्षात ठेवायचं. आणि शेअर घेतल्यापासून वर्षाच्या आत ती लागून नफ्यात विक्री झाली, तर २३ जुलै २०२४ पासून त्या नफ्यावर कर १५ नव्हे, २० टक्के आहे.