हिशेब डोक्यात नको, वहीत हवा

आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. हाताशी आळीतल्याच पाच जणी. चकल्या झकास झाल्या, गिऱ्हाइके खूश! पण भाऊबीज झाली आणि त्या पाचांतल्या दोघींनी वहिनींशी बोलणेच टाकले.

"मी काय कमी केलं हो त्यांना? दुपारचा चहा दिला, एकीच्या मुलीला फ्रॉकसुद्धा घेतला!" वहिनींचे डोळे भरून आले.

मी विचारले, "हिशेब दाखवला होतात का?"

"हिशेब? तो माझ्या डोक्यात होता की!"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी बालवाडी चालवत असाल, कोणी कचेरीत चार जणींच्या वरच्या जागेवर असाल. हाताखालच्या बायकांचा विश्वास बसावा म्हणून आपण गोड बोलतो, सणासुदीला काहीबाही देतो. त्याला माझी ना नाही. पण सासूबाई कितीही प्रेमळ असल्या, तरी किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच ठेवला की सुनेला काय वाटते, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

मी वहिनींना लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद! पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. वर पापड, खाली स्टोव्ह. बाईचे डोके ते!

सुरुवातीला त्यांनी दोन प्रतींचे पापड केले होते, हलका माल स्वस्तात विकावा म्हणून. पण त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी बजावले, की प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. पुढे हजारो बायका आल्या, तरी रीत तीच राहिली. शाखेतून मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तिथे ते तोलायचे, तपासायचे आणि मजुरी घ्यायची. नफ्यातोट्यात सगळ्या भागीदार. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली.

मला यात तपासणी फार महत्त्वाची वाटते. आपल्या खास मैत्रिणीचा पापड जाड निघाला, तर "बाई, हा चालणार नाही" हे तिला तोंडावर सांगायचे. अवघड असते हो! आपण तिथेच कच खातो. तिचे पोटात घालतो आणि दुसरीला मात्र बोलतो. बाकीच्या काही म्हणत नाहीत, पण त्यांच्या नजरेतून ते सुटत नाही.

तर वहिनी आणि मी पावत्या काढून बसलो. बेसन, तेल, डाळे, भाजणीचे दळण, सगळे पुन्हा मांडले आणि वहिनी एकदम गप्प झाल्या. गॅसचे सिलिंडर दोनदा धरले गेले होते. डोक्यातला हिशेब तो, त्याला खोडरबर कुठले! लबाडी नव्हती, पण पाचही जणींच्या वाट्याचे पैसे कमी पडले होते, एवढे खरे.

"आता काय तोंड दाखवू?" वहिनी म्हणाल्या. पण उठल्या. पाचही घरी जाऊन चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि पैसे पुढे केले. यंदा ओट्याजवळच्या खिळ्याला वही टांगली आहे. संध्याकाळी खर्च आणि जमा मोठ्याने वाचायची, वहिनींची स्वतःची मजुरीसुद्धा.

रुसलेल्या दोघींपैकी एक परत कामाला आली. दुसरीने त्या दिवशी दारच उघडले नाही. तिच्या वाट्याचे पैसे पाकिटात घालून, वर तिचे नाव लिहून, वहिनींनी त्या वहीतच ठेवले आहेत.