सिलेक्टच्या तोंडाशी निसटणारा सिग्नल

सी भाषेतला प्रोग्रॅम इनपुटची वाट पाहत सिलेक्ट या सिस्टिम कॉलमध्ये थांबतो. सिग्नल आला की हँडलर (त्यासाठी नेमलेलं फंक्शन) एक फ्लॅग लावतो आणि सिलेक्ट लगेच परततो. धोका मधल्या फटीत आहे. फ्लॅग तपासून झाला, सिलेक्ट अजून सुरू व्हायचाय, नेमका तेव्हाच सिग्नल आला, तर प्रोग्रॅम पुढचं इनपुट येईपर्यंत झोपून राहतो. चाचणीत ही चूक क्वचितच सापडते, म्हणून ती फार घातक.

उपाय म्हणजे पीसिलेक्ट हा कॉल. सिग्नल आधी रोखून ठेवायचा. मग रोख उठवणं आणि थांबणं कर्नल एकाच अखंड क्रियेत करतो. लिनक्स कर्नलमध्ये ही सोय २००६ साली, २.६.१६ आवृत्तीत आली.

संगणकतज्ज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांची जुनी युक्तीही भरवशाची: हँडलरने नॉन-ब्लॉकिंग पाइपमध्ये एक बाइट लिहायचा, सिलेक्टने त्या पाइपवरही नजर ठेवायची. हँडलरमध्ये प्रिंटएफ किंवा मॅलॉक मात्र कधीही नको, ती तिथे सुरक्षित नाहीत.