मल्टी-इफेक्ट पेडल घेताय? आधी हे गैरसमज दूर करा

गणेशोत्सव आणि त्यामागोमाग येणारं नवरात्र हा धार-देवासच्या वादकांचा हंगाम. मंडळांचे सांस्कृतिक कार्यक्रम, गरब्याचे ऑर्केस्ट्रा, मग लग्नसराई. या हंगामाच्या तोंडावर इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मुलं पहिलं मल्टी-इफेक्ट पेडल घ्यायला इंदूर गाठतात. डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब, वाह असे सगळे इफेक्ट आणि ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या नकला एकाच डब्यात. पण खरेदी बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर होते आणि पैसे भलत्याच ठिकाणी जातात. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज १: जितके जास्त इफेक्ट, तितकं पेडल चांगलं.

वस्तुस्थिती: खोक्यावरचा आकडा पाहू नका, एका वेळी किती इफेक्ट चालतात ते पाहा. झूमच्या जी१ फोरमध्ये सत्तरच्या आसपास इफेक्ट आहेत, पण एका वेळी चालतात पाच. आणि पाच पुष्कळ झाले. एखाद्या गाण्यात कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, ॲम्प, डिले आणि रिव्हर्ब लावले की काम भागतं. बॉसच्या जीटी-१ मध्ये १०८ इफेक्ट आहेत. वर्षभर वाजवणारासुद्धा त्यातले दहा-बाराच नेमाने वापरतो.

त्यापेक्षा पायाखाली काय आहे ते महत्त्वाचं. गाणं चालू असताना तुमचे दोन्ही हात गिटारवर असतात. तीन बटणं आणि एक एक्स्प्रेशन पेडल असेल, तर साध्या वाजवण्यातून सोलोत जाणं, आवाज चढवणं, वाह वापरणं हे सगळं पायाने जमतं. दोनच बटणं असतील तर हवा तो आवाज मिळेपर्यंत एकेक आवाज ओलांडत जावं लागतं, तेही गाणं पुढे पळत असताना. स्टेजवर वाजवायचं असेल तर बटणांवर तडजोड करू नका.

गैरसमज २: दुकानात छान वाजलं म्हणजे मंडपातही छान वाजणार.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर सगळ्या पट्टीतला आवाज सारखा देत नाही. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमधला बोचरा भाग हा स्पीकरच गाळून टाकतो, म्हणून ॲम्पवर तो आवाज भरीव आणि गोड लागतो. मंडपातल्या साउंडवाल्याचे स्पीकर वेगळे. गायकाचा ‘स’ आणि झांजांची किणकिण ऐकू यावी म्हणून ते पंधरा हजार हर्ट्झच्या पुढेही आवाज देतात. तेच डिस्टॉर्शन सरळ त्यांच्यात सोडलं की कर्कश गुणगुण ऐकू येते आणि मुलगा म्हणतो, ‘पेडलच फालतू निघालं.’

यावरचा उपाय पेडलमध्येच असतो. त्याला कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात. गिटारच्या स्पीकरची ती गाळणी पेडल स्वतःच्या गणितातून तयार करतं. नियम दोन आहेत: मिक्सरला किंवा हेडफोनला जोडताना कॅबिनेट सिम्युलेशन चालू ठेवा, गिटारच्या ॲम्पच्या इनपुटला जोडताना बंद ठेवा. चालू राहिलं तर आवाज दोनदा गाळला जातो आणि गोधडीखालून आल्यासारखा दबका लागतो. जीटी-१ मध्ये ‘आउटपुट सिलेक्ट’ नावाची सेटिंग आहे. आवाज कुठे जाणार आहे ते तिथे एकदा सांगितलं की पुढचं पेडल पाहून घेतं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं पेडल घेताना ‘अशी सेटिंग यात कुठे आहे?’ हा पहिला प्रश्न दुकानदाराला विचारा.

आणखी दोन गोष्टी. रात्री हेडफोन लावून हळू आवाजात बसवलेला टोन मंडपात बदललेला वाटतो. आवाज कमी असताना कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण बेस आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, आणि मोठ्या स्पीकरवर मधली पट्टी हरवून गिटार कीबोर्ड-ढोलकच्या गर्दीत बुडते. टोन शक्यतो कार्यक्रमाच्या आवाजाइतक्या मोठ्या आवाजात बसवा आणि मिड शाबूत ठेवा. दुसरं म्हणजे, स्टेजपासून मिक्सर लांब असेल तर साधी गिटारची केबल तिथपर्यंत ओढू नका. पाच-सहा मीटरच्या पुढे ती खरखर गोळा करू लागते. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स मागा, म्हणजे लांबच्या केबलमध्येही आवाज स्वच्छ ठेवणारा छोटा डबा.

गैरसमज ३: डिजिटल पेडलमध्ये आवाज उशिरा येतो.

वस्तुस्थिती: आजच्या पेडलमध्ये हा उशीर काही मिलिसेकंदांचा असतो. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला तीन मिलिसेकंद. ॲम्पपासून दोन मीटरवर उभं राहून वाजवलं तरी सहा मिलिसेकंदांचा उशीर होतोच, आणि तो कुणालाही जाणवत नाही. जाणवणारा उशीर येतो ब्लूटूथ हेडफोनमुळे. तिथे तो शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जाऊ शकतो आणि ताल चुकतो. रियाज वायरच्या हेडफोनवरच करा.

गैरसमज ४: खरखर येते म्हणजे पेडल खराब आहे.

वस्तुस्थिती: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची घूं सिंगल-कॉइल पिकअप थेट पकडतो. गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू वळून पाहा. घूं कमी-जास्त झाली तर ती पिकअपमधून येतेय. मग पेडल बॅटरीवर चालवा. जीटी-१ आणि जी१ फोर दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात. सेलवर आवाज स्वच्छ झाला तर दोष ॲडॉप्टरचा किंवा अर्थिंगचा, पेडलचा नाही.

अर्थिंगबाबत जिवाशी खेळ नको. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. ओल्या मंडपात एका हातात गिटारच्या तारा आणि ओठांना माइक लागला तर अशा जोडणीतून शॉक बसू शकतो. पिन कधीही काढू नका.

ॲडॉप्टरचंही तसंच. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधला खांब ऋण असलेला ॲडॉप्टर लागतो. कीबोर्डचे पुष्कळसे ॲडॉप्टर १२ व्होल्टचे आणि मधला खांब धन असलेले असतात. पिन मात्र बसते. घाईत तो लावला की नवं पेडल तिथेच जळू शकतं. आपल्या ॲडॉप्टरला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

गैरसमज ५: यूएसबी आहे म्हणजे थेट मोबाइल-कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग होणार.

वस्तुस्थिती: जीटी-१ ची यूएसबी आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवते. जी१ फोरची यूएसबी फक्त सेटिंग बदलण्यासाठी आणि नवे इफेक्ट भरण्यासाठी आहे. घरी रेकॉर्डिंग करायचं असेल तर ‘यूएसबी ऑडिओ इंटरफेस आहे का?’ असं स्पष्ट विचारा.

गैरसमज ६: महाग पेडल घेतलं की गिटारचा आवाज सुधारतो.

वस्तुस्थिती: पेडल मिळालेल्या आवाजावर काम करतं, बेसूर गिटार ते सुरात आणत नाही. बाराव्या पडद्यावर आधी हार्मोनिक वाजवा, मग तोच पडदा दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले नाहीत तर आधी इंटोनेशन बसवून घ्या. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना गिटारची मान हलते, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी ही तपासणी हवी. गंजलेल्या तारा बदलणं आणि बरी केबल घेणं हा खर्च पेडलच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे, आणि फरक लगेच ऐकू येतो.

गैरसमज ७: इफेक्ट म्हणजे लबाडी. खऱ्या वादकाला त्याची गरज नसते.

वस्तुस्थिती: नादाला घडवणं ही या मातीतलीच विद्या आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये प्रकृतीसाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये अखेरपर्यंत इथेच राहिले. त्यांच्या तंबोऱ्यांच्या जुळणीबद्दल जाणकार आजही आदराने बोलतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तार घोडीच्या हलक्या गोलाईला ओझरती टेकत कंप पावते, वरचे उपस्वर उजळतात आणि नाद भरून येतो. हीच जवारी. दोरा केसभर सरकला तरी नाद बदलतो, आणि योग्य जागा कानच सांगतो. पेडलची कळ फिरवतानाही हाच कान आणि हाच धीर लागतो. लबाडी होते ती चुकलेली बोटं डिस्टॉर्शन आणि डिलेखाली झाकली तर. त्यामुळे रोजचा रियाज इफेक्ट बंद ठेवून, गाण्याचा सराव इफेक्ट लावून, असा नेम ठेवा.

आता खरेदीबद्दल. देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. एवढं अंतर जाणारच आहात तर स्वतःची गिटार आणि केबल सोबत न्या. कंपनीने भरून दिलेले झगमगीत टोन बाजूला ठेवा. एक साधा स्वच्छ आणि एक डिस्टॉर्शनचा टोन स्वतः बनवून पाहा. पाच मिनिटांत पुस्तिका न उघडता ते बनले तर पेडल तुमच्या हाताला बसलं. तेच टोन एकदा ॲम्पवर आणि एकदा मंडपात असतात तशा पीए स्पीकरवर ऐकवण्याचा आग्रह धरा. तुम्ही जिथे वाजवणार त्या स्पीकरवर जे चांगलं वाजेल आणि ज्याची बटणं पायाला सापडतील तेच पेडल घ्या, मग ते दुकानातलं सगळ्यात स्वस्त का असेना.